दोन चेहऱ्यांखालचा तिसरा: टिमार्कसचं चांदीचं नाणं

मित्रहो, पडद्यावर जे नाणं दिसतंय त्यावर दोन चेहरे आहेत. पुढे पुरुषाचा, आणि त्याच्या पलीकडून अर्धवट दिसणारा स्त्रीचा. पुरुष म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा पहिला डिमेट्रियस आणि स्त्री म्हणजे त्याची राणी लाओडिकी. नाणं चांदीचं आहे, चार द्राख्मांचं. ग्रीक लोक त्याला टेट्राड्राख्म म्हणत. वजन साधारण सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे आपल्या आज्यांच्या काळातल्या चांदीच्या रुपयाच्या जवळजवळ दीडपट. बगदादच्या दक्षिणेला तैग्रिस नदीकाठी सेल्युशिया नावाचं मोठं शहर होतं, तिथल्या टांकसाळीत ते पडलं. इसवी सनापूर्वी १६०च्या आसपास.

आज मला बोलायचंय ते या दोघांबद्दल नाही, या दोन चेहऱ्यांच्या खाली असलेल्या तिसऱ्याबद्दल.

हे नाणं कोऱ्या चांदीवर पाडलेलं नाही. ते दुसऱ्याच एका राजाचं चालू नाणं होतं. डिमेट्रियसच्या टांकसाळीने ते घेतलं, तापवलं, नव्या साच्यांमध्ये धरलं आणि वरून घाव घातला. जुना चेहरा चेपला, नवा उमटला. पण घाव कितीही जोरदार असला तरी जुनी खूण पूर्ण जात नाही. या जातीची नाणी भिंगाखाली धरली की कुठे शिरस्त्राणाच्या कडेची वळणदार रेघ सापडते, कुठे घोड्याच्या पायाचा तुकडा, कुठे दुसऱ्याच नावाची दोन-चार अक्षरं. नाणेशास्त्रात अशा नाण्याला पुनर्मुद्रित नाणं म्हणतात. खालची अक्षरं ज्याच्या नावाची आहेत, त्या माणसाने जेमतेम दोनेक वर्षं स्वतःला राजा म्हणवून घेतलं. त्याचं नाव टिमार्कस.

त्याची चांदीची मोठी नाणी, मूळ रूपात, कोणी वरून ठोकलेली नसलेली, आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कांस्याची लहान नाणी त्यामानाने जास्त सापडतात. ती बाजारहाटाची, गोळा करून पुन्हा ठोकण्याच्या लायकीची कोणी मानली नसावीत. चांदीवर मात्र जिंकणाऱ्याचा डोळा होता.

कोण होता हा माणूस? राजघराण्यातला नव्हता, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो मिलेटसचा. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे जुनं ग्रीक शहर. टिमार्कस आणि त्याचा भाऊ हेराक्लिडीस, दोघेही चौथा अँटायोकस एपिफनीस याच्या खास मर्जीतले. सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याच्या सरदारांनी साम्राज्य वाटून घेतलं, त्यात आशियातला सर्वांत मोठा वाटा सेल्युकसने मिळवला. चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेलेला तोच सेल्युकस. त्याच्याच वंशातला हा चौथा अँटायोकस. इ.स.पू. १७५ ते १६४ हा त्याचा काळ. त्याने हेराक्लिडीसकडे खजिना आणि महसूल सोपवला, टिमार्कसकडे पूर्वेचा कारभार. काही ग्रीक लेखकांच्या मते बाबिलोनचा, काहींच्या मते मीडियाचा. मीडिया म्हणजे आजच्या इराणचा वायव्येकडचा डोंगराळ भाग. राजधानी एकबताना, आजचं हमदान. टिमार्कस या राजाचा वकील म्हणून रोमलाही जाऊन आला होता. तिथले सिनेटर कोण, कोणाला काय लागतं, हे तो पाहून आला होता.

इ.स.पू. १६४च्या अखेरीस अँटायोकस पूर्वेच्या मोहिमेत वारला. गादीवर त्याचा लहान मुलगा बसला आणि कारभार लिसियास नावाच्या सरदाराच्या हातात गेला. पण गादीवर आणखी एकाचा हक्क होता, आणि खरं तर थोरल्या पातीचा. डिमेट्रियस हा अँटायोकसच्या थोरल्या भावाचा मुलगा. तो लहानपणापासून रोममध्ये ओलीस होता. चुलत्याचा मुलगा राजा झाला तेव्हा हा चोविशीच्या आसपासचा तरुण होता. त्याने सिनेटकडे रीतसर मागणी केली, मला सोडा, माझं राज्य मला घेऊ द्या. सिनेटने नकार दिला. शेजारच्या राज्यात अज्ञान राजा असणं रोमला सोयीचं होतं.

मग तो पळाला. ही पळण्याची गोष्ट आपल्याला एका प्रत्यक्ष साक्षीदाराने सांगितलेली आहे. इतिहासकार पॉलिबियस तेव्हा स्वतः रोममध्ये ओलीस होता आणि त्या कटात सामील होता. कार्थेजहून दरवर्षी टायरच्या देवांना नैवेद्य घेऊन जाणारं पवित्र जहाज ऑस्टिया बंदरात लागलं होतं. त्यात जागा ठरवली. आदल्या रात्री डिमेट्रियस मेजवानीत होता. तो पिऊन बसेल आणि वेळ चुकेल या भीतीने आजारी पॉलिबियसने अंथरुणावरून त्याला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत नाव नाही, मजकूर नाही; जुन्या कवितांमधल्या काही ओळी तेवढ्या, उशीर करू नकोस, रात्र सगळ्यांना सारखी असते, अशा अर्थाच्या. डिमेट्रियस समजला, उठला, निघाला. तो सीरियात उतरल्यावर सैन्य त्याच्या बाजूने आलं. लहान राजा आणि लिसियास दोघांनाही सैनिकांनीच मारलं. ही इ.स.पू. १६२-१६१ची गोष्ट. आग्र्याहून सुटकेची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या रात्रीतला ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता टिमार्कसच्या जागी उभे राहून बघा. ज्याने त्याला वर आणलं तो राजा गेला. त्या राजाचा मुलगा मारला गेला. मारणारा नवा राजा सीरियाच्या राजधानीत, अंतिओकमध्ये, बसलाय, आणि तो जुन्या राजाच्या माणसांना जवळ करणार नाही हे उघड आहे. हाताशी मीडियाचे घोडे, मीडियाचे घोडेस्वार आणि एकबतानाची टांकसाळ. टिमार्कसने बंड केलं. आर्मेनियाचा राजा आर्टाक्सियस याच्याशी हातमिळवणी केली. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की तो भरपूर पैसा घेऊन रोमला गेला आणि सिनेटरांचे हात ओले केले. डिमेट्रियस परवानगीवाचून पळाल्यामुळे सिनेट चिडलेलीच होती. तिने ठराव केला की रोमपुरता टिमार्कस राजा आहे. हा ठराव ज्या ओळींत आपल्यापर्यंत आलाय त्या तुटक आहेत, पण आशय एवढाच. एक सैनिक पाठवला नाही, एक नाणं दिलं नाही. ठराव तेवढा दिला. पण टिमार्कसला तोच हवा होता. त्याच्याकडे वंश नव्हता, म्हणून कागद हवा होता.

आणि कागदाबरोबर चांदी.

आपल्याकडे मध्ययुगात म्हणायचे, राजा कोण, तर ज्याच्या नावाने खुतबा वाचला जातो आणि ज्याचा शिक्का चालतो तो. म्हणूनच १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा होन आणि शिवराई पाडणं ही केवळ व्यवहाराची बाब राहिली नाही. आणि उलटं उदाहरणही आपल्याच घरात आहे. अठराव्या शतकात अर्ध्या हिंदुस्थानावर मराठ्यांची सत्ता असताना मराठी टांकसाळींतून पडणाऱ्या चांदीच्या रुपयांवर बहुतेक ठिकाणी मोगल बादशहाचंच नाव होतं. शाह आलमचं नाव आणि बाजूला अंकुश किंवा फुलासारखी आपली छोटी खूण. सत्ता खरी होती, पण नाण्यावर दावा केला नाही, कारण त्या नावावर बाजाराचा विश्वास होता. टिमार्कस याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याची सत्ता दोनेक प्रांतांची, पायाखालची जमीन हलती, आणि नाण्यावर मात्र दावा एवढा मोठा की सेल्युकसच्या घराण्यात तोवर कोणी नाण्यावर केला नव्हता.

त्याचं मोठं चांदीचं नाणं आता बघू. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा राजा. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला कड. शिरस्त्राणाखाली केसांभोवती बांधलेली पट्टी आणि तिची टोकं मानेमागे सुटलेली. ही पट्टी म्हणजे ग्रीक राजपदाची खूण. मुकुट नव्हे, कापडाची साधी फीत, पण ती बांधली की माणूस राजा झाला. मागच्या बाजूला दोन घोडेस्वार भाले रोखून उजवीकडे दौडताहेत, घोडे मागच्या पायांवर उसळलेले. हे डायोस्कुरी, झ्यूसचे जुळे पुत्र. आपल्या अश्विनीकुमारांशी त्यांचं इतकं साम्य आहे की तुलना करणाऱ्यांनी दोघांचं मूळ एकच मानलंय. जुळे, घोड्यांशी नातं सांगणारे, संकटात धावून येणारे. आणि भोवती ग्रीक अक्षरं: बासिलेओस मेगालू टिमार्खू. षष्ठी विभक्ती आहे. 'महान राजा टिमार्कस याचं.' हे नाणं त्याचं, असा अर्थ.

सेल्युकसच्या वंशातले राजे चांदीच्या नाण्याच्या मागच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या अपोलो बसवत आले होते. पवित्र दगडावर बसलेला, हातात बाण घेतलेला. अपोलो त्यांचा मूळपुरुष अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या शब्दांत सांगायचं तर कुलदैवत. टिमार्कस या नाण्यावर अपोलोला घेत नाही. तो त्या कुळाचा नव्हता, आणि आहे असं सोंगही त्याने केलं नाही. मला या माणसाबद्दल जी ओढ वाटते ती इथे सुरू होते. गादी बळकावणारे बहुतेक जण आधी एक नातं जोडतात: मी अमक्याचा हरवलेला मुलगा, तमक्याचा खरा वारस. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि पुण्याची झोप उडाली, ते आपल्याला माहीत आहे. टिमार्कस तोतया नव्हता. तो स्वतःच्या नावाने राजा होत होता. पण वंशाची जागा रिकामी ठेवून चालत नाही. तिथे काहीतरी लागतं. ते त्याने कुठून आणलं, हा या नाण्यातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि तो आपल्याला थेट हिंदुकुशाकडे घेऊन जातो.

शिरस्त्राण घातलेला राजा, उसळलेले डायोस्कुरी आणि 'महान' ही पदवी, या तिन्ही गोष्टी एकत्र दुसऱ्या एकाच राजाच्या नाण्यांवर दिसतात. बॅक्ट्रियाचा युक्रेटायडीज. बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग आणि अमुदर्याच्या पलीकडचा थोडा मुलूख. इ.स.पू. १७०च्या सुमारास युक्रेटायडीजने तिथल्या युथिडेमसच्या घराण्याकडून राज्य हिसकावलं. म्हणजे तोही गादी बळकावणाराच! जस्टिन नावाचा लॅटिन लेखक लिहितो की 'हिंदूंचा राजा' डिमेट्रियस याने (हा वेगळा डिमेट्रियस, सीरियाचा नव्हे) ६०,००० सैन्यानिशी त्याला वेढलं आणि तो केवळ ३०० माणसांनिशी पाच महिने झुंजून सुटला. हे आकडे जसेच्या तसे कोणी धरत नाही. पण त्या माणसाची कीर्ती कशी होती ते त्यातून कळतं.

या युक्रेटायडीजने एक नाणं पाडलं ज्यावर मागच्या बाजूला त्याचे आईबाप आहेत. बापाचं नाव हेलिओक्लीज, आईचं लाओडिकी (ही वेगळी लाओडिकी, डिमेट्रियसची राणी नव्हे). नीट पाहिलं तर आईच्या केसांवर राजपट्टी आहे, बापाच्या डोक्यावर नाही. म्हणजे आई राजरक्ताची, बाप साधा. मुलगा नाण्यावरून सांगतोय की माझ्यात राजरक्त आहे, ते आईकडून आहे. किती माणसाचं आहे हे! सगळा अधिकार हातात असूनही त्याला हे सांगावंसं वाटलं. आणि स्वतःला त्याने 'महान' म्हणवून घेतलं. त्याचं वीस स्टेटरचं सोन्याचं नाणं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वजन १६९ ग्रॅमहून थोडं जास्त, व्यास ५८ मिलिमीटर. प्राचीन काळातलं सोन्याचं सर्वांत मोठं म्हणून ओळखलं जाणारं हे नाणं बुखाऱ्याकडून आलं आणि तिसऱ्या नेपोलियनने फ्रान्ससाठी विकत घेतलं. त्यावरही तेच शिरस्त्राण, तेच घोडेस्वार, तीच पदवी. आणि हिंदुकुशाच्या अलीकडे आल्यावर त्याने चौकोनी तांब्याची नाणी पाडली, ज्यांच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत आपली प्राकृत भाषा आहे: 'महाराजस एवुक्रतिदस'. तिथेही षष्ठीच.

आता ही दोन माणसं एकमेकांशेजारी ठेवा. एक बल्खमध्ये, दुसरा हमदानमध्ये. मधे खुरासानचा सगळा रस्ता, पार्थियन लोकांचा मुलूख. युक्रेटायडीजची नाणी त्या रस्त्याने पश्चिमेला आली आणि टिमार्कसच्या हातात पडली. त्याने आपल्या साचे कोरणाऱ्याला सांगितलं असणार, असंच कर, फक्त चेहरा माझा. काही अभ्यासकांना यात दोघांची राजकीय मैत्री दिसते. दोघांनाही सेल्युकसच्या घराण्याशी देणंघेणं नव्हतं आणि दोघांनाही पार्थियन शेजारी होते. असेलही. मला दुसरी गोष्ट जास्त पटते. ज्याच्यामागे वंश नाही त्याने त्या काळी पूर्वेकडे पाहिलं तर वंशाशिवाय राजा होऊन 'महान' ठरलेला एकच जिवंत माणूस दिसत होता. टिमार्कसने त्याचं कुळ घेतलं नाही, त्याचं उदाहरण घेतलं.

हे अनुकरण आपल्या इतिहासाच्या फार कामाला आलं आहे. भारताच्या वायव्येकडच्या ग्रीक राजांची नाणी खूप सापडतात, पण त्यांच्यावर सालं नसतात. चाळिसेक राजांची नावं नाण्यांवरून कळतात, त्यांतल्या मोजक्यांचाच उल्लेख ग्रंथांत येतो, आणि कोण आधी, कोण नंतर हे लावता लावता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. बौद्ध परंपरेत मिलिंद म्हणून ओळखला जाणारा मिनँडर यांतलाच एक. या सगळ्या साखळीला कुठेतरी एक खिळा ठोकावा लागतो, जिथून मागेपुढे मोजता येईल. टिमार्कस हा तो खिळा आहे. त्याचं बंड इ.स.पू. १६२च्या सुमारास सुरू झालं आणि १६१-१६०मध्ये मोडलं, हे ग्रीक लेखकांवरून आणि बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरून ठरवता येतं. त्याच्या नाण्यावर 'महान' युक्रेटायडीजची नक्कल आहे. म्हणजे त्यापूर्वी युक्रेटायडीजने ती पदवी घेतलेली होती, ते शिरस्त्राण आणि ते घोडेस्वार नाण्यावर आणलेले होते, आणि ती नाणी हमदानपर्यंत पोचलीही होती. दोन वर्षांच्या राजाचं, मूठभर उरलेलं नाणं, आणि त्याच्या आधाराने काबूल-गांधारच्या ग्रीक राजांचा कालक्रम उभा राहतो. संग्रहालयातल्या कपाटात हे नाणं एखाद्या लहान पाटीमागे ठेवलेलं असतं. माझ्या मते त्याला दालनाच्या मध्यभागी जागा द्यायला हवी.

'महान राजा' ही पदवी त्या प्रदेशातून नाहीशी झाली नाही. टिमार्कसनंतर बारा-पंधरा वर्षांत पार्थियन राजा पहिला मिथ्रिडेटीस याने मीडिया घेतला, इ.स.पू. १४१मध्ये बाबिलोनियाही घेतला, आणि सेल्युशियाच्या त्याच टांकसाळीतून त्याची नाणी पडू लागली: बासिलेओस मेगालू आर्साकू. महान राजा आर्साकीस याचं. आर्साकीस हे पार्थियन राजे नाण्यांवर लावत ते घराण्याचं नाव.

टिमार्कसचा शेवट लढाईत झाला. तो बाबिलोनियात उतरला, युफ्रेटिसकडे सरकला. डिमेट्रियसने त्याला हरवून ठार केलं. ग्रीक इतिहासकार अॅपियन म्हणतो की बाबिलोनमध्ये टिमार्कसचा कारभार वाईट होता, म्हणून तिथल्या लोकांनी डिमेट्रियसला 'सोटेर', तारणहार, अशी पदवी दिली. हे जिंकलेल्याच्या बाजूचं बोलणं आहे, हे ध्यानात ठेवून वाचायला हवं. पण पदवी खरी. पडद्यावरच्या नाण्याच्या मागच्या बाजूला तीच आहे, सिंहासनावर बसलेल्या भाग्यदेवतेच्या शेजारी: डिमेट्रियस तारणहार. आणि ही पदवी जिच्यावर कोरली ती चांदी टिमार्कसची.

टिमार्कसचीच नाणी का घेतली? साधं कारण आहे: चांदी तयार होती. योग्य वजनाची, योग्य कसाची, चकत्या कापून ठेवल्यासारखी. वितळवा, ओता, पुन्हा तोला, हा सगळा खटाटोप वाचला. पण तेवढंच कारण असतं तर हाताला लागतील ती कोणाचीही नाणी वापरली असती. सेल्युशियात टिमार्कसच्या नाण्यांवर डिमेट्रियस आणि लाओडिकी इतक्या वेळा दिसतात की हे ठरवून केलेलं वाटतं. बाजारातून त्याची चांदी मागवली, आत घेतली, आणि राजा-राणीच्या जोडचेहऱ्यांनी बाहेर पाठवली. ज्या सावकाराच्या थैलीत काल बंडखोराचा चेहरा होता, त्याच थैलीत आज राजघराणं होतं. यासाठीच ती मूळ नाणी आज इतकी दुर्मीळ आहेत.

हे ऐकताना नाशिककडच्या मंडळींच्या मनात एक नाव आलं असेल. जोगलटेंभी. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५०हून जास्त नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतली दोन-तृतीयांशांहून अधिक नाणी त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली. नहपानाच्या चेहऱ्यावर त्रिकूट डोंगराची खूण, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारं उज्जयिनी चिन्ह. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या पराक्रमाचा जो लेख कोरवला त्यात त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटलंय. लेणं जे शब्दांत सांगतं तेच ही हजारो नाणी घावांनी सांगतात. आणि नहपानाच्या या नाण्यांवर चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत! भाषा प्राकृत, लिपी ग्रीक. मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी: 'राञो क्षहरातस नहपानस'. कोकण किनाऱ्यावर आणि भडोचला ग्रीक-रोमन व्यापारी येत होते. त्या काळातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलंय की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या ग्रीक राजांचे द्राख्म अजून चालतात. टांकसाळीची ही रीत, चांदीचा द्राख्म आणि त्यावर राजाचं मुख, उत्तरेकडून तशीच खाली आली होती.

मी पहिल्यांदा असं पुनर्मुद्रित नहपानाचं नाणं तळहातावर घेतलं तेव्हा विशीत होतो. पाच पैशांच्या नाण्यापेक्षाही लहान, दोन-सव्वादोन ग्रॅम. ज्यांनी दाखवलं त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, नाक शोध. मी डोंगराच्या कमानी बघत राहिलो, नाक काही दिसेना. मग त्यांनी माझा हात धरून नाणं उजेडात थोडं तिरकं केलं. डोंगराच्या पायथ्याशी एक नाक, त्याखाली मिशी. ज्याचा वंश निःशेष केला म्हणून लेण्यात लिहिलंय, तो माणूस माझ्याकडे बघत होता. त्या दिवसापासून मला पूर्ण, लखलखीत, सुरेख नाण्यांपेक्षा अशी दोनदा ठोकलेली नाणी जास्त आवडतात. टिमार्कसकडे मी पोचलो तो या नाशिकच्या नाण्यामुळे. पुस्तकात डिमेट्रियस-लाओडिकीच्या चित्राखाली 'टिमार्कसच्या नाण्यावर पुन्हा ठोकलेलं' अशी ओळ वाचली आणि वाटलं, इथेही कोणीतरी नाक शोधायला सांगतंय.

दोन्हींत एक फरक आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. गौतमीपुत्राच्या टांकसाळीने नहपानाचा चेहरा पुरता झाकायची पर्वा केलेली दिसत नाही. खूण वर उठली की काम झालं. जुना राजा खाली दिसतो, दिसू द्या, बघणाऱ्याला कळेल कोण वर आहे. डिमेट्रियसच्या टांकसाळीने मात्र पूर्ण आकाराचे साचे वापरले. तिथे जुना चेहरा शक्यतो उरू नये अशीच खटपट आहे. ज्याला राजा मानायचंच नाही, त्याचा पराभव तरी कशाला दाखवायचा, असा तो हिशेब असावा.

पण टिमार्कसला एक भाऊ होता. हेराक्लिडीस, खजिन्यावरचा. डिमेट्रियसने त्याला काढून टाकलं होतं. सात-आठ वर्षं गेली. आणि मग, टिमार्कसने जे केलं नाही ते हेराक्लिडीसने केलं. त्याने तोतया उभा केला. स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या इझ्मिरचा, एक तरुण होता, अलेक्झांडर बालास. दिसायला चौथ्या अँटायोकससारखा. तो त्या राजाचा मुलगाच आहे, असं जाहीर झालं. पर्गामॉनच्या राजाने त्याला पाठबळ दिलं. हेराक्लिडीस त्याला घेऊन रोमला गेला, भावाने पूर्वी जे उंबरे झिजवले तेच त्यानेही झिजवले. पॉलिबियसचा त्या सोंगावर विश्वास बसला नाही आणि तसं तो स्पष्ट लिहितो. पण सिनेटने पुन्हा एक ठराव करून दिला. इ.स.पू. १५०मध्ये बालासशी लढताना डिमेट्रियसचा घोडा दलदलीत रुतला. तो पायउतार होऊन लढला आणि तिथेच पडला. तोतया राजा झाला, आणि त्याची चांदीची नाणी आज जगभरच्या संग्रहांत भरपूर आहेत.

दोघा भावांचं नाव मात्र एका ठिकाणी एकत्र आहे, आणि त्यावर कोणी दुसरा ठसा मारलेला नाही. चांगले दिवस असताना, चौथा अँटायोकस गादीवर असताना, त्यांनी आपल्या गावाला, मिलेटसला, नगरसभेची इमारत बांधून दिली. अर्धवर्तुळात दगडी पायऱ्या, वर छप्पर, समोर अंगण आणि खांबांची देखणी ओवरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन उत्खननात ती पूर्ण उघडी झाली. आजही त्या पायऱ्यांवर बसता येतं. दगडावर अर्पणलेख आहे: टिमार्कस आणि हेराक्लिडीस यांनी, राजा अँटायोकस एपिफनीससाठी, अपोलोला, सभेच्या अग्निदेवतेला आणि नगरजनांना. तिथे टिमार्कसच्या नावापुढे राजा नाही, महान नाही. हेराक्लिडीसचे पुत्र (बापाचंही नाव तेच), एवढंच आहे.